पाण्यातून डोंगरावर, डोंगरावरून शिवारात

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर पाहावा. कड्यापाशी तपकिरी रेषा एकमेकींना खेटून जवळपास एकच होतात, तर माथ्यावर त्याच रेषा लांब लांब पांगतात. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. त्यामुळे कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, ही जिन्यासारखी रचना या नकाशांवर लगेच ओळखू येते. 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात अशा दोन रेषांमध्ये सहसा 20 मीटर उंचीचं अंतर असतं आणि दर पाचवी रेषा ठळक असते. समान उंचीची ठिकाणं जोडणारी ही समोच्च रेषा शाळेत आपण पाठ केलेली असते. ती आली कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही.

तिचा उगम डोंगरात नाही, पाण्याखाली आहे. हॉलंडमध्ये पीटर ब्रुइन्स या मोजणीदाराने 1584 मध्ये हार्लेमजवळच्या स्पार्ने नदीच्या नकाशावर सात फूट खोलीची ठिकाणं रेषेने जोडली. त्या देशातल्या गाळाने भरत जाणाऱ्या नद्यांमध्ये नाव कुठे रुतेल, हा पोटापाण्याचा प्रश्न होता. खोलीचे सुटे आकडे नकाशांवर पूर्वीही लिहीत, पण आकड्यांवरून तळाचा आकार डोळ्यांपुढे येत नाही, रेषेवरून येतो. 1730 च्या सुमारास निकोलास क्रुकियस या दुसऱ्या डच माणसाने मेरवेड नदीचा तळ अशाच रेषांनी उभा केला. मधल्या काळात, 1701 मध्ये, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने अटलांटिक महासागराच्या नकाशावर, जिथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून सारखीच ढळते, अशी ठिकाणं जोडणाऱ्या रेषा काढल्या. त्याच वाटेने 1817 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्टच्या समताप रेषा आल्या. टीव्हीवरच्या हवामानाच्या नकाशातल्या समदाब रेषाही याच कुळातल्या.

डोंगरावर ही रेषा चढली ती पृथ्वीचं वजन करण्याच्या खटपटीत. स्कॉटलंडमध्ये शिहेलियन नावाचा एकटा, रेखीव डोंगर आहे. न्यूटनचा नियम खरा असेल, तर एवढा मोठा डोंगर शेजारी टांगलेल्या ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढणार. ती ओढ मोजली आणि डोंगराचं वस्तुमान काढलं, तर त्यावरून पृथ्वीची घनता काढता येईल. 1774 मध्ये ब्रिटनचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन तिथे तळ ठोकून बसले. ओळंबा खरोखरच हलला. दोन्ही बाजूंचा मिळून फरक अंशाच्या तीनशेव्या भागाच्या आसपास होता.

पण डोंगराचं वस्तुमान काढायचं तर त्याचा आकार नेमका हवा. मोजणीदारांनी शेकडो ठिकाणांच्या उंचीचे आकडे आणले, आणि आकडेमोडीचं काम चार्ल्स हटन यांच्याकडे आलं. न्यूकॅसलच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा हा मुलगा लहानपणी स्वतः खाणीत राबला होता. पुढे तो वूलिचच्या लष्करी अकादमीत गणिताचा प्राध्यापक झाला. आकड्यांच्या त्या जंजाळात हटननी सारख्या उंचीचे बिंदू पेन्सिलीने जोडले आणि डोंगराचा आकार कागदावर उमटला. 1778 मध्ये त्यांचं उत्तर छापून आलं: पृथ्वी पाण्याच्या साडेचार पट घन. आजचा आकडा साडेपाच पट आहे. एका डोंगरावरून एवढ्या जवळ पोचणं ही मला अफाट गोष्ट वाटते.

तरीही नकाशा काढणाऱ्यांनी ही रेषा लगेच उचलली नाही. फ्रेंच नकाशाकार द्युपें-त्रिएलने 1791 मध्ये फ्रान्सचा समोच्च नकाशा छापला खरा, पण युरोपच्या सैन्यांत आणि आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी नकाशांतही डोंगर दाखवायला उताराच्या दिशेने काढलेल्या आखूड रेघाच चालत राहिल्या. त्या दिसायला देखण्या होत्या, पण खिंड किती उंच हे त्यांच्यावरून कळत नसे. भारतात 1905 नंतरच्या नव्या रंगीत नकाशांनी समोच्च रेषा रूढ केली.

दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात ती कागदावरून जमिनीवर आली. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर समपातळी बांधांची, म्हणजे समान उंचीच्या रेषेवरून घातलेल्या बांधांची, कामं वाढली. पुढे 1972 च्या दुष्काळातली कामं, रोजगार हमी, राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांतली कामं, आणि 2016 मध्ये सुरू झालेली गावांची वॉटर कप स्पर्धा, असा हा प्रवास होत गेला. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचा तर आधी समान पातळी शोधावी लागते, आणि त्यासाठी गावोगाव वापरतात ती ए-फ्रेम. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी बांधायची, आणि शेंड्यावरून दोरीला दगड लटकवायचा. दोरी आडव्या काठीच्या मध्यावरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. तिथे फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून चौकट फिरवायची, पुन्हा दोरी बघायची. अशी लाकडी ओळंबा-चौकट इजिप्तमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या सेन्नेद्जेम या कारागिराच्या कबरीत सापडली आहे. म्हणजे हत्यार रेषेपेक्षा कितीतरी जुनं.

इथे अचूकपणाला पर्याय नाही. चर जरासा तिरका गेला, तर पाणी सखल टोकाला जमतं, भराव फोडतं आणि खाली घळ पाडतं. असा चर न खणलेलाच बरा. रेषा बरोबर असेल, तर तेच पाणी चरभर पसरून जागच्या जागी मुरतं.

आपल्या गावचा समोच्च नकाशा आता दुर्मिळ राहिलेला नाही. सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतले नकाशे 2017 पासून भारतीय नागरिकांना संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागले. गावात पाणलोटाचं काम निघणार असेल, तर ग्रामसभेत आधी तो नकाशा मांडा, आणि कुदळ मारण्याआधी शिवारात ए-फ्रेम फिरवा.