गाळ्यात डक्ट टाकताय? आधी मान वर करून स्प्रिंकलर बघा

फर्निचरचा छोटा कारखाना सुरू करायचाय. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा मिळाला, रंधा आणि कटिंगची मशिन आली, भुसा ओढणारा डस्ट कलेक्टरही आला. आता छताखालून पत्र्याचा डक्ट फिरवायचा. पण छताला आधीच लाल पाइप आहेत आणि त्यांना ठरावीक अंतरावर स्प्रिंकलर लावलेले आहेत. मग डक्ट कुठून न्यायचा?

बरेच जण 'जिथे जागा मिळेल तिथून' असं उत्तर देतात. चूक नेमकी इथेच होते.

स्प्रिंकलर काम कसं करतो?

सिनेमात धूर झाला की अख्ख्या इमारतीत पाऊस पडतो. प्रत्यक्षात नेहमीचा स्प्रिंकलर धुराने नाही, उष्णतेने उघडतो. त्याच्या तोंडाशी द्रव भरलेली काचेची छोटी नळी असते. लाल रंगाची नळी 68 अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटतं. जो स्प्रिंकलर तापला, तोच उघडतो. बाकीचे बंदच राहतात.

सुटलेलं पाणी एका छोट्या चकतीवर आदळतं आणि छत्रीसारखं पसरतं. अमेरिकेतल्या 'एनएफपीए 13' या मानकात लाकूडकामाचे कारखाने साधारणपणे मध्यम धोक्याच्या गटात येतात. या गटात एका स्प्रिंकलरने जास्तीत जास्त सुमारे 12 चौरस मीटर जागा सांभाळायची असते.

गंमत म्हणजे, 1874 साली ऑटोमॅटिक स्प्रिंकलरचं पेटंट घेणारे हेन्री पार्मली हे अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात पियानोचा कारखाना चालवत. म्हणजे ही यंत्रणा लाकूडकामाच्या कारखान्यातूनच पुढे आली.

डक्ट आडवा आला तर काय होतं?

समजा, स्प्रिंकलरच्या खाली रुंद डक्ट आला. खाली भुशाच्या ढिगाला आग लागली. वरचा स्प्रिंकलर उघडला, पाणीही सुटलं. पण ते पडलं डक्टच्या पत्र्यावर. खालची आग कोरडीच राहिली आणि पसरत गेली. यंत्रणेने तिचं काम केलं, तरी कारखाना जळाला.

हे टाळण्यासाठी 'एनएफपीए 13'मधले काही नियम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ते नेहमीच्या प्रकारच्या स्प्रिंकलरसाठी आहेत:

• तिपटीचा नियम: पाइपसारखा अडथळा स्प्रिंकलरजवळून जात असेल, तर त्याच्या जाडीच्या किमान तिप्पट अंतर ठेवा. 4 इंची पाइप असेल तर 12 इंच, 6 इंची असेल तर 18 इंच. हे अंतर 24 इंचांपर्यंत मोजतात.

• 18 इंचांची मोकळी जागा: स्प्रिंकलरच्या चकतीखाली किमान 18 इंच, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर जागा मोकळी हवी. पाण्याची छत्री याच जागेत उघडते. प्लायवूडची थप्पीही या रेषेच्या वर जाऊ देऊ नका.

• 4 फुटांची मर्यादा: डक्ट 4 फुटांपेक्षा रुंद असेल, तर त्याच्या खाली वेगळा स्प्रिंकलर लागतो. दोन-तीन डक्ट एकमेकांना चिकटून नेले, तर पाण्याच्या दृष्टीने तो एकच रुंद अडथळा ठरतो.

• पाइपला काही लटकवू नका: डक्टचा हँगर थेट छताला किंवा तुळईला बांधा. स्प्रिंकलरचा पाइप फक्त स्वतःचा आणि आतल्या पाण्याचा भार पेलण्यासाठी बांधलेला असतो.

भारतात स्प्रिंकलरसाठी 'आयएस 15105' हे मानक आणि राष्ट्रीय इमारत संहिता आहे. त्यामुळे तुमच्या इमारतीला लागू होणारे नेमके आकडे अग्निसुरक्षा सल्लागाराकडून तपासून घ्या.

मग डक्टची आखणी कशी करायची?

पहिलं काम म्हणजे इमारतीच्या मालकाकडून स्प्रिंकलरचा नकाशा घ्या. नकाशा नसेल तर प्रत्येक स्प्रिंकलरची जागा आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजून कागदावर मांडा. डक्टची रेघ त्यानंतर ओढा.

दुसरं, प्रत्येक लाल पाइपला वळसा घालत बसू नका. डक्टचं प्रत्येक वळण हवेची ओढ कमी करतं. लाकडाचा भुसा वाहून नेण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला साधारण 20 मीटर लागतो. वेग पडला की भुसा डक्टमध्येच साचतो, आणि साचलेला भुसा म्हणजे आगीला आयतं सरपण. म्हणून मुख्य डक्ट स्प्रिंकलरच्या दोन रांगांच्या मधोमध, एकाच उंचीवर सरळ न्या. फाटे काटकोनात न काढता 45 अंशांत काढा.

तिसरं, छताचा स्प्रिंकलर डक्टच्या आतल्या आगीपर्यंत पोहोचत नाही. मशिनवर खिळा घासून उडालेली ठिणगी थेट डस्ट कलेक्टरपर्यंत जाऊ शकते. मोठ्या यंत्रणेत डक्टमध्येच ठिणगी ओळखून विझवणारी उपकरणं बसवतात. छोट्या गाळ्यात निदान साफसफाईसाठी डक्टला झाकणं ठेवा.

स्प्रिंकलर थोडा सरकवला तर?

स्वतः नाही. पाइपची जाडी, पाण्याचा दाब आणि स्प्रिंकलरमधलं अंतर एकत्र हिशोब करून ठरवलेलं असतं. शिवाय पाइप कापायला व्हॉल्व्ह बंद करावा लागतो आणि तेवढा वेळ शेजारचे गाळेही उघडे पडू शकतात. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006'नुसार हे काम परवानाधारक एजन्सीनेच करायचं असतं. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्रही वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं.

डक्ट बसला, आता झालं?

अजून एक गोष्ट राहिली. स्प्रिंकलरवर भुशाचा थर बसला तर तो उशिरा तापतो. त्यावर रंग किंवा पॉलिश उडालं असेल, तर खरवडू नका. तो स्प्रिंकलर बदलूनच घ्या.

डक्ट पत्र्याचा आहे. तो कागदावर असताना हलवणं फुकट पडतं, बसवल्यावर हलवायला पैसे पडतात आणि आग लागल्यावर हलवता येत नाही. म्हणून फॅब्रिकेटरला बोलावण्याआधी एकदा गाळ्याच्या मधोमध उभं राहा आणि वर बघा.