शंकूच्या आकाराचें बुबुळ

परभणी जिल्ह्यांतील देवगाव फाट्यावर मोटारीची वाट पाहत असतां एक कॉलेजविद्यार्थी आमच्या शेजारीं बसला होता. तो वारंवार मुठींनीं डोळे चोळीत होता. धूळ गेली काय, असें आम्हीं विचारलें. "नाही सर, सवयच लागली. चष्म्याचा नंबर मात्र दरसाल वाढायलाय," तो म्हणाला. आम्ही नेत्रवैद्य नव्हों. पण या दोन गोष्टी एका दमांत ऐकतांच एका विकाराचा इतिहास आम्हांस आठवला.

बुबुळावर घड्याळाच्या कांचेप्रमाणें जो पारदर्शक पडदा असतो, त्यास पारपटल म्हणतात. ऐन तारुण्यांत कित्येकांचा हा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढें येतो व दृष्टि वेडीवांकडी होते. १८५४ सालीं लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम यांनीं या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८६९ मध्यें स्वित्झर्लंडच्या हॉर्नर यांच्या लेखनांतून 'केराटोकोनस' हें ग्रीक नांव रूढ झालें. पण नांव मिळालें तरी विकार दुर्मिळच मानला जाई, कारण उघड्या डोळ्यांस दिसे तो फार वाढलेला शंकूच. १८८० च्या सुमारास पोर्तुगालच्या प्लासिदो यांनीं काळ्यापांढऱ्या वर्तुळांची एक तबकडी केली. तिचें प्रतिबिंब बुबुळावर वांकडें पडलें, तर पडद्याची घडण बिघडली असें समजावें. आजचीं बुबुळाचा नकाशा काढणारीं यंत्रें याच तबकडीचा वंश होत.

मोजमाप वाढलें तसा 'दुर्मिळ' हा शब्द डळमळूं लागला. अमेरिकेंतील मिनेसोटा येथें १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गणनेंत लाखांत सुमारें ५४ रोगी आढळले होते. आपल्या महाराष्ट्रांत नागपूरजवळच्या खेड्यांतून तीस वर्षांवरील साडेचार हजारांहून अधिक लोकांचे डोळे तपासले गेले. २००९ सालच्या त्या अहवालांत हें प्रमाण शेंकडा २.३ निघालें! अर्थात् ४८ डायॉप्टर ही वक्रतेची मर्यादा धरून. ती जराशी वाढविली कीं आंकडा झपाट्यानें घसरतो. तेव्हां हा आंकडा छातीठोकपणें मिरविण्याजोगा नाहीं. पण अर्धा सोडला तरी उरतो तो आमच्या मतें कमी चिंतेचा नाहीं.

याहून विलक्षण गोष्ट जाणिवेची. पारपटलांत रक्तवाहिन्या नाहींत, पण ज्ञानतंतूंची दाटी इतकी कीं सुताचा धागा लागला तरी डोळा मिटतो. १८९४ च्या सुमारास फॉन फ्रे यांनीं ही जाणीव केसांनीं मोजून पाहिली. १९६० मध्यें कोशे व बोने यांनीं केसाच्या जागीं नायलॉनचा बारीक तंतु आणला. तंतु लांब ठेवावा तितका स्पर्श हलका. आंखूड केल्यावरच रोग्यास कळला, तर जाणीव मंद. शंक्वाकार बुबुळांत ती मंद असल्याचें पुढें अनेकांस आढळलें. सूक्ष्मदर्शकाखालीं तंतूंचें जाळेंही विरळ दिसलें, अश्रूंचा थरही लवकर फाटतो. कांहींजण दोष कठीण स्पर्शभिंगांस देतात, आणि त्यांत तथ्य आहे. पण भिंग कधीं न लावलेल्या डोळ्यांतही हें दिसलें आहे. म्हणजे ज्या पडद्यानें प्रथम ओरडावें, त्याचाच आवाज बसतो. डोळे चोळणें या विकाराचें सोबती आहे, हें तर आतां सर्वमान्यच आहे.

२००३ सालीं ड्रेस्डेन येथील वैद्यांनीं रायबोफ्लेविनचे थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडण्याचा आपला उपचार प्रसिद्ध केला. त्यानें पडद्याचे धागे घट्ट होऊन शंकूची वाढ बहुधा थांबते. गेलेला आकार मात्र परतत नाहीं. म्हणून वेळ महत्त्वाची.

आम्हीं त्या मुलास चिठ्ठीवर 'बुबुळाचा नकाशा' असें लिहून दिलें व तो जेथें निघतो अशा डॉक्टराकडे जाण्यास सांगितलें. मोटार आली. खिडकीशीं बसतांना त्याचा हात पुन्हां डोळ्याकडे गेला. आम्हीं बोटानें खुणावलें, तसा तो ओशाळून हंसला.