टाइम झोनचा तक्ता आणि पेडणे-डिचोलीची जुनी वेळ

डेटाबेसमध्ये वेळ सहसा जागतिक प्रमाणवेळेत साठवली जाते आणि दाखवताना स्थानिक वेळेत बदलली जाते. त्यासाठी लागणारा टाइम झोनचा तक्ता १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केला. २०११पासून तो ‘आयाना’च्या छत्राखाली आहे. पोस्टग्रेस हाच तक्ता वापरतो. मायएसक्यूएलमध्ये तो आधी भरावा लागतो, अन्यथा झोनच्या नावाने केलेले रूपांतर ‘नल’ देते.

भारतासाठी त्यात ‘एशिया/कोलकाता’ हे एकच क्षेत्र आहे. फरक साडेपाच तासांचा, उन्हाळी वेळ नाही. म्हणून एखादी आजची तारीख तपासून चाचणी संपवली जाते. ते पुरेसे नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ आणि १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळांत ब्रिटिश हिंदुस्थानची घड्याळे एक तास पुढे होती. १ जानेवारी १९४३च्या दुपारी बाराचे रूपांतर जागतिक वेळेत पहाटे साडेपाच असे यावे. साडेसहा आले, तर तक्त्यातील इतिहास वापरलाच गेलेला नाही.

गोव्यात मात्र बरोबर आलेले हे उत्तरही चुकीचे ठरू शकते. १९७०नंतर ज्यांची घड्याळे वेगळी चालली, अशाच प्रदेशांना या तक्त्यात स्वतंत्र क्षेत्र मिळते. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालेला गोवा त्यामुळे कोलकात्यात मोडतो, आपल्या पोर्तुगीज इतिहासासह. १९११च्या पोर्तुगीज हुकुमाने वसाहतींच्या वेळा ग्रिनिचशी जोडल्या. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या वाट्याला पाच तासांचा फरक आला. तो धरल्यास १९४३च्या पेडणे किंवा डिचोलीतील जन्मवेळेत कोलकात्याच्या तक्त्याने दीड तासाची तफावत पडते. एक लग्नराशी साधारण दोन तास टिकते, तेव्हा कुंडलीचे सॉफ्टवेअर लग्नच बदलून दाखवील. जागतिक वेळेत साठवलेली नोंद मध्यरात्रीच्या आसपासची असेल, तर परत वाचताना तारीखही सरकू शकते. वारसा वा नागरिकत्वाच्या कागदपत्रांत हा फरक क्षुल्लक नव्हे.

अशा नोंदींत मूळ दप्तरातील वेळ आहे तशी मजकूर म्हणून ठेवावी आणि गृहीत धरलेला फरक व त्याचा आधार वेगळ्या रकान्यांत लिहावा. इथे एक सापळा आहे. पोस्टग्रेसमध्ये झोनचे नाव म्हणून ‘यूटीसी+५’ दिल्यास ग्रिनिचच्या पश्चिमेकडील पाच तास धरले जातात. तक्त्यातही पूर्वेकडील पाच तासांचे नाव ‘ईटीसी/जीएमटी-५’ असे उलट्या चिन्हाचे आहे. चिन्ह चुकल्यास दहा तासांचा घोळ होतो.