दहा आठवडे, दोन कौल

गोव्याच्या विलीनीकरणाविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुधा १६ जानेवारी १९६७ या तारखेपाशी थांबते. त्या दिवशी गोव्यात जनमत कौल झाला आणि महाराष्ट्रात जाण्याची कल्पना मतदारांनी फेटाळली. आपल्याकडे ही गोष्ट हळहळीने सांगतात, गोव्यात अनेक जण अभिमानाने सांगतात. मला मात्र पुढच्या दहा आठवड्यांचे कुतूहल वाटत आले आहे. २८ मार्च १९६७ रोजी त्याच मतदारांनी विधानसभेसाठी मतदान केले आणि सत्ता पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे विलीनीकरणासाठीच जन्मलेल्या पक्षाच्या हाती दिली. हा विरोधाभास म्हणायचा की मतदाराचे शहाणपण?

उत्तरासाठी १९६३ पर्यंत मागे जावे लागते. पोर्तुगीज राजवट १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. त्या राजवटीत सरसकट प्रौढ मताधिकार कधीच नव्हता. विधानसभेची पहिली निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. जागा ३० होत्या : गोव्याच्या २८, दमण आणि दीवची प्रत्येकी एक. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्याच्या २८ पैकी एकही जागा मिळाली नाही. दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मगोपने मित्रपक्षासह १६ जागा जिंकल्या, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाने १२. एकाची निशाणी सिंह, दुसऱ्याची हात. स्वतः ती निवडणूक न लढवलेले बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि पुढे पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

या निकालाचा अर्थ काय, यावरून पुढची तीन वर्षे वाद चालला. मगोपचे म्हणणे सरळ होते : आम्ही विलीनीकरणाचा जाहीरनामा घेऊन लोकांपुढे गेलो, लोकांनी बहुमत दिले, म्हणजे विलीनीकरणाला कौल मिळाला. तसा ठरावही विधानसभेत संमत झाला. सिक्वेरांचे उत्तर असे, की आमदार निवडणे वेगळे आणि प्रदेशाचे भवितव्य कायमचे ठरवणे वेगळे. दुसऱ्या प्रश्नासाठी लोकांना तोच एक प्रश्न थेट विचारा. अखेर संसदेने १९६६ मध्ये जनमत कौलाचा कायदा केला. सत्तेवरच्या पक्षाचा दबाव येऊ नये म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला.

१९६३ ची निवडणूक विलीनीकरणावर झाली हे अर्धसत्य आहे, असे माझे मत आहे. गावोगावच्या कुळाला आणि मुंडकाराला सिंहात आणखी काही दिसत होते. मुंडकाराचे घरच भाटकाराच्या जमिनीवर. भाटकाराची मर्जी गेली की डोक्यावरचे छप्पर जायचे. शाळा आणि अधिकाराच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या मोजक्या घराण्यांकडे. अशा माणसाच्या हाती पहिल्यांदाच भाटकाराच्या मताइतक्याच वजनाचे मत आले होते. बांदोडकर खाणमालक होते, श्रीमंत होते, पण बहुजन समाजाला ते आपले वाटत. त्यांच्या सरकारने १९६४ मध्ये कूळकायदा आणला, खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या. महाराष्ट्र हा शब्द अनेकांच्या लेखी नकाशापेक्षा या मुक्तीचे नाव होता.

जनमत कौलाच्या प्रचारात प्रश्नच बदलला. आता उमेदवार नव्हते, पक्षाची निशाणी नव्हती. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने, एवढेच. विरोधकांचा प्रचार भीतीवर होता तसा रोजच्या व्यवहारावरही होता. दोन पानांच्या सभांत महाराष्ट्रातील दारूबंदीचे काय, सरकारी नोकऱ्यांत आपल्या मुलांचा निभाव लागेल का, कोकणीचे काय होईल, मुंबईपासून दूरचा एक जिल्हा होऊन आपले कोण ऐकेल, असे प्रश्न विचारले जात. मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे असे की, या प्रचाराचे एक धारदार हत्यार मराठीच होते. मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी, आणि त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे गाजलेले सदरही मराठी. भाषा एक म्हणून राज्य एक, हे समीकरण मराठीतूनच खोडले जात होते.

निकाल लागला तेव्हा दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली होती, फरक ३४,०२१. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूला फुलाचा जोर, तर सासष्टीत दोन पानांचा. मार्चमध्ये मात्र मगोप पुन्हा १६ आणि युनायटेड गोअन्स पुन्हा १२.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विरोधी मते सासष्टीसारख्या भागात एकवटलेली होती, म्हणून त्यांचे जागांत तितके रूपांतर झाले नाही. मतदार बदललेच नाहीत, बदलली ती मोजण्याची पद्धत. हा मुद्दा मला अंशतः पटतो. पण मार्चमध्ये एकूण मतांतही मगोप पहिल्या क्रमांकावर होता. जानेवारीतील बहुमत अख्खेच्या अख्खे सिक्वेरांच्या पेटीत उतरले असते, तर असे घडते ना. महाराष्ट्रात जायचे नाही, पण भाटकारांचे राज्यही परत नको, असे म्हणणारा मतदार, मग त्याची संख्या थोडी का असेना, मध्ये उभा होता. दोन्ही वेळा त्याने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर दिले.

दोन्ही नेत्यांना याची किंमत मोजावी लागली. सिक्वेरांनी प्रश्न जिंकला आणि सत्ता गमावली. बांदोडकरांनी सत्ता राखली, पण पक्षाच्या नावातला ‘महाराष्ट्रवादी’ हा शब्द त्या दिवसापासून आठवणीपुरता उरला. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत पक्ष सत्तेवर राहिला. ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

निवडणूक संपली की जिंकलेला पक्ष आपला संपूर्ण जाहीरनामा लोकांनी मान्य केला असे सांगू लागतो. असे कुणी म्हणाले की मला १९६७ चा गोवा आठवतो. तिथे अजून निशाणी बघून शिक्का मारणाऱ्या अनेकांनी सिंह आणि फूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ओळखले. आपल्या इतिहासलेखनाने ती ओळख अजून पुरती करून घेतलेली नाही.