शंभर मीटर आले कुठून?

आमच्या विभागात तळमजल्यापासून वरच्या प्रयोगशाळेपर्यंत 130 मीटर केबल ओढली होती. पोर्टचा दिवा हिरवा, पण रात्रभराची मोजमापं सकाळी अर्धवट. केबलवाला बघताच म्हणाला, "सर, शंभरच्या पुढे गॅरंटी नाही." तुम्हीही हे ऐकलं असेल. पण शंभरच का? एकशे एकाव्या मीटरला तांब्यात वेगळं असं काही घडत नाही. माझ्या संशोधनात मला या आकड्याचा माग काढावा लागला.

1973 साली झेरॉक्स पार्कमध्ये मेटकाफ आणि बॉग्ज यांनी इथरनेट सुरू केलं. पुढे 10 मेगाबिटचं प्रमाण ठरलं, तेव्हा बोटाएवढ्या जाड कोअ‍ॅक्सियल केबलचा एक तुकडा 500 मीटर चाले. रिपीटर लावून सगळं जाळं 2,500 मीटरपर्यंत जाई. तिथे प्रश्न वेळेचा होता. सगळी यंत्रं एकाच तारेवर बोलणार, म्हणजे टक्कर झाली तर ती 51.2 मायक्रोसेकंदांच्या आत कळायला हवी. शिवाय केबल कुठे तुटली की सगळ्यांचंच काम बंद! शोधत बसा.

मग लक्ष गेलं टेलिफोनच्या तारांकडे. अमेरिकेतल्या ऑफिसांत प्रत्येक टेबलापासून त्या मजल्यावरच्या टेलिफोनच्या खोलीपर्यंत पीळ दिलेल्या जोडतारा आधीच होत्या. एटी अँड टीच्या स्टारलॅनने त्यांच्यावर 1 मेगाबिट चालवून दाखवलं. 1990 मध्ये 10 मेगाबिटचं प्रमाण आलं ते 100 मीटरचं. टेबल ते ती खोली एवढं अंतर त्यात सहसा बसे. 1991 च्या अमेरिकन वायरिंग प्रमाणाने त्याची वाटणीही करून टाकली: 90 मीटर भिंतीत, 10 मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या तारांना.

आणि इथून गंमत उलटी होते. भिंती भरून झाल्या होत्या, त्यामुळे पुढचं इथरनेट त्या अंतरात बसवणं भाग होतं. 1999 मध्ये गिगाबिटसाठी चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलायला लावल्या, आणि स्वतःचाच प्रतिध्वनी वजा करायचं गणित चिपमध्ये घातलं. ते गणित 100 मीटरच्या हिशेबाने बेतलेलं. 130 मीटरवर सिग्नल मरत नाही, चुका वाढतात; म्हणून दिवा हिरवाच.

आम्ही मध्ये स्विच बसवणार होतो, पण जिन्यात वीज कुठली? शेवटी फायबर ओढली.