तगरनगरी ते तेर : मातीत जपलेला इतिहास

बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावलेली तेरणामाई काळ्याभोर रानांतून वाहत पुढे मांजरेस मिळते, आणि मांजरेच्या संगतीने तिचे पाणी गोदावरीस जाते. या तेरणेच्या काठी, धाराशिवपासून ईशान्येस सुमारे २० किलोमीटरवर, तेर हे गाव वसले आहे. संतश्रेष्ठ गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. चैत्र महिन्यात दिंड्या-पताका घेऊन येणाऱ्या वारकऱ्यांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. परंतु काकांच्या जन्माच्याही सुमारे बाराशे वर्षे आधी या गावाची कीर्ती समुद्रापार गेली होती, हे गावातल्या पुष्कळ जाणत्या मंडळींनाही सांगून पटत नाही. ते गावाचे मोठेपण होते 'तगर' या नावाने.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तकडील एका ग्रीक भाषिक खलाशाने आपल्या देशाच्या किनाऱ्यावरील बंदरांची आणि व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते पुस्तक ओळखले जाते. त्यात तो म्हणतो की, भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तेथून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनाऱ्याकडून आलेला इतर माल गाड्यांत भरून, बिकट वाटा तुडवीत भडोचला नेतात. बैलगाड्यांचे ते तांडे डोळ्यांसमोर आणावेत! सातवाहन राजांचा तो काळ. राजधानी पैठणला होती आणि मालाची पेठ तगरला. भोवती कापसाला मानवणारी काळी जमीन, बारमाही नसली तरी पाण्याला जवळ असलेली नदी, आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालाला पैठणची वाट धरण्यास सोयीची जागा, हे सारे येथे एकत्र आले होते. टॉलेमी या ग्रीक भूगोलवेत्त्यानेही तगराची नोंद केली आहे.

रोमशी चालणारा व्यापार ओसरला, सातवाहनांचे राज्य गेले, तरी तगराचा मान एकाएकी गेला नाही. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६१२ च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी असल्याचे म्हटले आहे. त्यानंतर कोकणावर आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. त्यांची सत्ता होती समुद्राकाठी आणि पंचगंगेकाठी, पण कुळाचा अभिमान मात्र तेरणेकाठचा! ज्या गावातून घराणे निघाले त्या गावाचे नाव पदवीत मिरवण्याची ही हौस आजही आपल्याकडे आडनावांत दिसते.

पुढे मात्र मोठे नवल घडले. गाव राहिले, वस्ती राहिली, देवळे राहिली आणि नाव हरवले. लोकांच्या तोंडी तगराचे तेर झाले आणि तगर कोठे होते हे कोणालाच सांगता येईना. अपभ्रंश भाषेत लिहिलेल्या 'करकंडचरिउ' या जैन काव्यात 'तेरापुर' आणि त्याच्या जवळची लेणी यांचा उल्लेख येतो, आणि ती लेणी म्हणजे धाराशिवची लेणी असे अभ्यासक मानतात. तेव्हा तेर हे नावही काही कालपरवाचे नाही.

इ. स. १७८७ मध्ये ठाण्याला शिलाहारांचा ताम्रपट सापडला आणि विद्वानांनी तगराचा शोध सुरू केला. विल्फर्डने सांगितले देवगिरी, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर. कोणी कोल्हापूरचेही नाव घेतले. एवढी मोठी नावे, पण तेरणेकाठच्या या गावाकडे शंभर वर्षे कोणाची दृष्टी गेली नाही. अखेर १९०१ मध्ये फ्लीट या संशोधकाने तगर म्हणजेच तेर असे मांडले. त्यानंतर हेन्री कझिन्स हा पुरातत्त्व खात्याचा अधिकारी येथे आला, त्याने गावाभोवतीची टेकाडे आणि जुनी मंदिरे पाहिली, आणि खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तेरविषयी सविस्तर लेख लिहिला. पैठणपासून तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. लादलेली बैलगाडी दिवसाला पाच कोस चालली तरी दहा दिवसांचा हिशेब नीट जुळतो. दिशा तेवढी पूर्वेपेक्षा आग्नेयेकडे जास्त झुकते, पण ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या खलाशाला इतकी सूट द्यावयास हरकत नाही.

कझिन्सला ज्या वास्तूने थक्क केले ती म्हणजे श्रीत्रिविक्रमाचे मंदिर. गावातले आबालवृद्ध रोज ज्या देवळावरून जातात ते भारतातल्या अगदी मोजक्या वास्तूंपैकी एक आहे. मंदिराचा मागचा भाग सरळ नसून अर्धगोल आहे आणि वरचे छप्पर गजपृष्ठासारखे, म्हणजे हत्तीच्या पाठीप्रमाणे, गोलाकार आहे. कार्ले-भाजे येथे डोंगर कोरून केलेली चैत्यगृहे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हा आकार चटकन ओळखता येईल. तोच आकार येथे विटांनी बांधून काढला आहे. अशी बांधीव वास्तू उभी राहिलेली क्वचितच दिसते. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर हे तिचे दुसरे भावंड. ही वास्तू प्रथम बौद्ध चैत्यगृह असावी आणि नंतर तेथे भगवान विष्णूची त्रिविक्रमरूपातील मूर्ती स्थापन झाली असावी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. पुढचा सपाट छताचा मंडप मागाहून जोडलेला आहे. देव बदलला तरी घर पाडले नाही, आणि म्हणूनच ते आज आपल्याला पाहावयास मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे याच तेरणेच्या खालच्या खोऱ्यात किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरही ते उभे आहे.

तेरच्या जुन्या विटांविषयी एक गोष्ट येथील मुले पाहुण्यांना मोठ्या हौसेने सांगतात, ती म्हणजे या विटा पाण्यावर तरंगतात. ही दंतकथा नव्हे, कझिन्सनेही ती नमूद केली आहे. चिखलात भाताचे तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जाते आणि विटेत बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्यामुळे वीट हलकी होते आणि उंच शिखराचा भार भिंतींवर कमी येतो. अशा विटेची डागडुजी करणाऱ्याने मात्र फार जपावे लागते. चुन्याच्या कामातून भिंतीतला ओलावा बाहेर पडतो, सिमेंटच्या घट्ट गिलाव्यामागे तो कोंडून राहतो आणि वीट आतून पोखरत जाते. जीर्णोद्धाराच्या कामात सढळ हाताने दिलेली सिमेंटची पोती जुन्या देवळाला कधी कधी पडझडीपेक्षा अधिक बाधतात, हे देणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. त्याचा भाव चांगलाच असतो.

उत्तरेश्वराचे मंदिरही असेच प्राचीन आणि विटांचे. त्याच्या दाराची कोरीव लाकडी चौकट गावच्या वस्तुसंग्रहालयात आहे. लाकडाला वाळवी आणि पाऊस हे दोन शत्रू, तरीही इतकी शतके ती टिकली. याशिवाय तेर हे जैन बांधवांचेही तीर्थक्षेत्र आहे.

या गावाचे खरे धन मात्र पांढरीत पुरलेले आहे. जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. मराठवाड्यात माळवदावर आणि भिंतींना हीच पांढरी माती घालण्याची रीत. तेव्हा पांढर खणायची, माती गाडीत भरायची आणि घरावर पसरायची हे पिढ्यान्पिढ्या चालत आले. सातवाहनांच्या घरांची माती आपल्या घरांच्या माथ्यावर चढली! माती खणताना आणि पावसाने टेकाडे धुपली म्हणजे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या वर येत. पोरे त्यांच्याशी खेळत आणि फेकून देत.

कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी ही फेकलेली लक्ष्मी वेचली. ते याच गावचे. वर्षानुवर्षे त्यांनी गावकऱ्यांकडून, गुराख्यांकडून, पोरांकडून असल्या वस्तू गोळा केल्या. लोकांनी खापरे म्हणून टाकलेल्या वस्तू त्यांनी घरात मांडून ठेवल्या. पुढे हा संग्रह शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाचे वस्तुसंग्रहालय तेरला उभे राहिले. त्यात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे निकटचे साम्य आहे. पेरिप्लसमधील गाड्या खरोखरच कोठवर पोचत होत्या, याची याहून बोलकी साक्ष ती कोणती असणार? १९५८ मध्ये श्री. चापेकर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले.

अशा या मातीच्या गावात मातीचेच काम करणारा संत जन्मावा, हा योग विलक्षण आहे. श्रीगोरोबाकाकांचा काळ परंपरेने इ. स. १२६७ ते १३१७ असा मानतात. चिखल तुडविताना पांडुरंगाच्या नामात देहभान हरपले आणि पोटचे बाळ पायाखाली आले, ही कथा सांगताना आजही कीर्तनकाराचा कंठ दाटतो. संतमंडळी काकांच्या घरी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे हाती घेऊन एकेकाच्या मस्तकावर मारले आणि कोणते मडके पक्के व कोणते कच्चे ते पाहिले. नामदेवमहाराज रुसले, कच्चे ठरले, आणि औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले. ज्ञानदेवांसह सारे संत ज्यांना वडीलधारे मानून 'काका' म्हणत, त्या कुंभाराच्या अंगणात ही परीक्षा झाली. काकांचे घर गावात आजही दाखवितात, आणि तेरणेकाठी श्रीकाळेश्वराच्या सान्निध्यात त्यांची समाधी आहे.

यादवांनंतर बहमनी, आदिलशाही, मोगल आणि निजाम अशा राजवटी या मुलखावरून गेल्या. बार्शी लाईट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली आणि या भागातील मालाला बैलगाडीखेरीज दुसरी वाट मिळाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आले. तेरजवळ तेरणेवर धरण झाले. २०२३ मध्ये जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळाले. तगराचे नाव मात्र कोणत्याही सरकारी ठरावाशिवाय, दोन विटांच्या देवळांनी आणि पांढरीच्या मातीने परत मिळवून दिले.

चैत्र वद्य एकादशीपासून त्रयोदशीपर्यंत काकांच्या समाधीस मोठी यात्रा भरते. ऊन कडक असते, नदीचे पात्र बहुधा कोरडे. समाधीचे दर्शन झाल्यावर त्रिविक्रमाच्या मंदिरात जाऊन मागच्या अर्धगोल भिंतीला बाहेरून एक प्रदक्षिणा घालावी, आणि तेथून संग्रहालयात जाऊन ती हस्तिदंती मूर्ती पाहावी. ती दिसावयास लहान आहे, नीट जवळ जाऊन पाहावी लागते.