एस्कॅप

आशिया व पॅसिफिक विभागातील देशांत आर्थिक सहकार्य वाढवणारा संयुक्त राष्ट्रांचा आयोग. स्थापना २८ मार्च १९४७, शांघाय. १९४९ पासून मुख्यालय बँकॉक. पूर्वीचे नाव ‘एकाफे’. सध्याचे १९७४ पासून. पहिले कार्यकारी सचिव भारतीय अर्थतज्ज्ञ पी. एस. लोकनाथन. सदस्य ५३, सहसदस्य ९.

युद्धोत्तर पुनर्बांधणी हे मूळ काम. आयोगाजवळ कर्जाऊ द्यायला भांडवल नाही आणि सदस्यांवर सक्तीचा अधिकारही नाही. पाहणी करायची, तज्ज्ञांना एकत्र बसवायचे, सर्वांना पटेल असा मसुदा तयार करायचा, ही त्याची रीत. मेकाँग नदीखोऱ्याच्या विकासासाठी मेकाँग समिती (१९५७) अशीच स्थापन झाली. मनिला येथील आशियाई विकास बँकेची (१९६६) जुळवाजुळवही याच आयोगात झाली. एवढ्या एका कामासाठीही त्याची नोंद घ्यावी लागेल. आयोगाच्या पुढाकाराने निघालेल्या तेहरानच्या आशियाई क्लिअरिंग युनियनमध्ये (१९७४) सदस्य देशांची परस्पर देणी वजा करून दर दोन महिन्यांनी उरलेली रक्कमच चुकती करतात. त्यामुळे परकीय चलनाची बचत होते. आयोगाच्याच पुढाकाराने झालेल्या १९७५ च्या बँकॉक व्यापार करारातील जकात सवलतींचा विस्तार मात्र संथ झाला. चीन त्यात २००१ मध्ये आला.

सर्वांत भरीव काम रस्त्यांचे. आशियाई महामार्गाची योजना १९५९ ची. वियेतनाम, कंबोडिया, अफगाणिस्तान येथील युद्धांनी ती रखडली, पण आयोगाने नकाशे आणि मानके जपून ठेवली. आंतरशासकीय करारावर एप्रिल २००४ मध्ये शांघायला सह्या झाल्या; ४ जुलै २००५ पासून तो अमलात आला. ३२ देशांतील सुमारे १,४०,००० किमी. रस्ते या जाळ्यात येतात. हे बहुतेक जुनेच राष्ट्रीय मार्ग असून त्यांना समान क्रमांक व दर्जा देण्यात आला आहे. ४० ते ५९ हे क्रमांक दक्षिण आशियाचे. त्यांपैकी ‘एएच ४७’ ग्वाल्हेरहून धुळे, नाशिक, ठाणे, पुणे असा बंगळुरूला जातो. आशियापार रेल्वेचा करार २००९ पासून, कोरड्या बंदरांचा (देशांतर्गत मालतळांचा) २०१६ पासून लागू आहे.

आकडेवारी व आपत्ती-निवारण याही आयोगाच्या कामाच्या शाखा आहेत.

महामार्ग करार मार्ग आणि दर्जा ठरवतो. सीमेपलीकडे वाहन सोडायचे की नाही, हे प्रत्येक देश ठरवतो. तोक्योहून तुर्कस्तान-बल्गेरिया सीमेपर्यंत आखलेला ‘एएच १’ अटारी-वाघ्यावरून जातो, तरी भारतीय मालमोटारींना पाकिस्तानमार्गे अफगाणिस्तानात माल नेता येत नाही.